मार्गळीचे अंगण आणि पोंगलची चूल

पाठपरिचय

डिसेंबरचा उत्तरार्ध आणि जानेवारीचा पूर्वार्ध हा भारतात सणांचा, सुट्ट्यांचा आणि घरगुती कलाकुसरीचा काळ असतो. महाराष्ट्रात या दिवसांत तिळगूळ आणि हलवा तयार होतो. गोव्यात आणि वसईत नाताळचे पदार्थ होतात. तमिळनाडूत दारापुढची अंगणे कोलमने भरून जातात आणि पोंगलची तयारी सुरू होते. हे सारे घरात, बहुधा स्त्रियांच्या हातून आणि छापील पुस्तकाच्या आधाराशिवाय घडते.

तमिळनाडूतील तिरुनागेश्वरम् या गावाच्या निमित्ताने प्रस्तुत पाठात या हातकामाचा परिचय करून दिला आहे. हातकामात कोणते ज्ञान असते, ते कसे टिकते आणि ते मराठीत नेमकेपणाने कसे लिहावे, याचा विचार येथे केला आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हांला –
• मार्गळी, नाताळ, पोंगल व संक्रांत या काळातील घरगुती कला व पदार्थांची माहिती सांगता येईल;
• दोन प्रदेशांतील चालीरीतींमधील साम्य आणि भेद दाखवता येतील;
• हातकामामागील प्रमाण, क्रम आणि कारण ओळखता येईल;
• स्वतःला येत असलेली एखादी कृती मुद्देसूद लिहिता येईल.

मूळ पाठ

१. गाव आणि ऋतू

तंजावर जिल्ह्यात, कावेरीच्या सुपीक प्रदेशात, कुंभकोणम् हे प्राचीन नगर वसले आहे. तेथून सुमारे सहा किलोमीटरवर तिरुनागेश्वरम् हे लहानसे गाव आहे. येथील नागनाथस्वामी मंदिर नवग्रहांपैकी राहूचे स्थान म्हणून प्रसिद्ध आहे. जवळच ओप्पिलिअप्पन हे विष्णूचे मंदिर असून वैष्णवांच्या १०८ दिव्य क्षेत्रांत त्याची गणना होते. आजूबाजूला भाताची शेते पसरलेली आहेत. डिसेंबरमध्ये ही शेते पिकू लागतात आणि जानेवारीत नवा तांदूळ घरात येतो. येथील हिवाळ्यातील सणांचा संबंध या पिकाशी आहे.

मराठी वाचकाला हा प्रदेश अगदीच परका नाही. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी ऊर्फ एकोजी यांनी १६७६ च्या सुमारास तंजावरला भोसल्यांचे राज्य स्थापन केले. १८५५ पर्यंत ते टिकले. त्या काळात अनेक मराठी कुटुंबे कावेरीकाठी स्थायिक झाली. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या संस्थानांचे दिवाण म्हणून ख्याती मिळवलेले सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८ मध्ये कुंभकोणम् येथे अशाच एका मराठी घराण्यात झाला. या कुटुंबांच्या घरी बोलली जाणारी मराठी ‘तंजावरी मराठी’ म्हणून ओळखली जाते.

तमिळ सौर पंचांगातील मार्गळी महिना डिसेंबरच्या मध्यावर सुरू होतो आणि पोंगलच्या आदल्या दिवशी संपतो. हा महिना उपासनेचा मानला जातो. त्यात सहसा लग्नकार्ये करीत नाहीत. पहाटे वैष्णव मंदिरांत संत कवयित्री आंडाळ यांच्या ‘तिरुप्पावै’ या तीस पदांच्या रचनेचे गायन होते. याच वेळी घराघरांपुढे आणखी एक काम चाललेले असते. ते म्हणजे कोलम काढण्याचे काम.

२. अंगणातील गणित

कोलम म्हणजे तमिळनाडूची रांगोळी. पहाटे अंगण झाडतात, सडा घालतात आणि जमीन ओलसर असतानाच कोलम काढायला घेतात. अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीतून तांदळाचे पीठ सारख्या जाडीने सोडावे लागते. हात थांबला तर ठिपका जाड होतो, हात घाईने फिरला तर रेषा तुटते. तांदळाचे पीठ वापरल्यामुळे मुंग्या आणि पाखरे यांनाही अन्न मिळते, अशी त्यामागची भावना आहे. अलीकडे अनेक ठिकाणी पिठाऐवजी दगडाची पांढरी पूड वापरतात. तिने रेषा ठळक उमटते, परंतु पाखरांचा घास नाहीसा होतो.

मार्गळीतील कोलमचे एक वैशिष्ट्य आहे. शेणाचा लहान गोळा करून त्यात भोपळ्याचे पिवळे फूल खोचतात आणि तो गोळा कोलमच्या मध्यभागी ठेवतात. पांढऱ्या रेषांमध्ये ते पिवळे फूल उठून दिसते.

कोलमचे दोन प्रकार विशेष प्रचलित आहेत. पहिल्या प्रकारात ठिपके रेषांनी जोडतात. महाराष्ट्रातील ठिपक्यांची रांगोळी या प्रकारची असते. दुसऱ्या प्रकारात रेषा ठिपक्यांना स्पर्श न करता त्यांच्याभोवती वळणे घेत जाते. याला ‘सिक्कु कोलम’ म्हणतात. ‘सिक्कु’ म्हणजे गुंता. यांपैकी काही आकृत्या एकाच अखंड रेषेने पूर्ण होतात. रेषा जेथून निघाली तेथेच परत यावी लागते आणि एकही ठिपका मोकळा राहून चालत नाही. पंधरावा ठिपका ओलांडताना विसाव्या ठिपक्याजवळ काय करायचे, हे काढणारीच्या मनात आधीच ठरलेले असते.

ठिपके मांडण्यातही हिशेब असतो. समजा, मधल्या ओळीत ७ ठिपके आहेत आणि वर-खाली प्रत्येक ओळीत एकेक ठिपका कमी करत ४ पर्यंत जायचे आहे. मग एकूण ठिपके किती? मधली ओळ ७. एका बाजूस ६, ५ आणि ४ मिळून १५. दोन्ही बाजूंचे ३०. म्हणून एकूण ३७. हा हिशेब अंगणात कोणी कागदावर करीत नाही. जागा किती आहे हे नजरेने जोखून पहिली ओळ मांडली जाते.

या कौशल्याकडे विद्वानांचे लक्ष गेले. मद्रास ख्रिश्चन कॉलेजमधील गिफ्ट सिरोमनी व रानी सिरोमनी आणि त्यांच्या सहकारी कमला कृतिवासन यांनी १९७४ मध्ये कोलमवर एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. भाषेत थोड्या नियमांवरून असंख्य वाक्ये तयार होतात. त्याचप्रमाणे थोड्या नियमांवरून कोलमच्या असंख्य आकृत्या तयार होतात, हे त्यांनी दाखवले. या नियमांना त्यांनी व्याकरणाचे रूप दिले. संगणकाच्या साहाय्याने आकृत्या तयार करण्याच्या अभ्यासात या कामाचा उपयोग झाला. ज्या स्त्रियांच्या अंगणांतून ही आकृती आली, त्यांतील कित्येकींनी शाळेचे तोंडही पाहिलेले नसेल. तरीही त्या नियम पाळत होत्या, नवे आकार रचत होत्या आणि मुलींना शिकवत होत्या.

पाठगत प्रश्न १

(अ) सिक्कु कोलममध्ये कोणत्या दोन अटी पाळाव्या लागतात?
(आ) मधल्या ओळीत ९ ठिपके असून दोन्ही बाजूंना ५ पर्यंत उतरायचे असल्यास एकूण ठिपके किती होतील?
(इ) तांदळाच्या पिठाऐवजी दगडाची पूड वापरल्याने काय साधते आणि काय हरवते?

३. पाक, पीठ आणि आच

ओप्पिलिअप्पन मंदिरातील नैवेद्य मिठाविना केला जातो. त्यामागे एक कथा सांगतात. मार्कंडेय ऋषींना तुळशीच्या बनात एक कन्या सापडली. ती साक्षात भूदेवी होती. विष्णूने वृद्धाचे रूप घेऊन तिला मागणी घातली. ‘मुलगी लहान आहे, तिला स्वयंपाकात मीठ किती घालावे हेही कळत नाही,’ असे ऋषींनी सांगितले. तेव्हा, ‘मी मिठाविना केलेले अन्न खाईन,’ असे विष्णूने उत्तर दिले. तमिळमध्ये ‘उप्पु’ म्हणजे मीठ. म्हणून या देवाला ‘उप्पिलिअप्पन’ असेही म्हणतात. ‘ओप्पिलि’ या रूपाचा अर्थ मात्र ‘ज्याला तोड नाही असा’ असा होतो.

स्वयंपाक जन्मतः कोणालाच येत नाही, तो शिकावा लागतो, हे या कथेत गृहीत धरलेले आहे. मिठाचे प्रमाण कळणे ही तेथे प्रौढपणाची खूण मानली आहे. प्रमाण, क्रम आणि आच ही स्वयंपाकाची तीन अंगे आहेत आणि हिवाळ्यातील गोड पदार्थांत या तिन्हींची परीक्षा होते.

मार्गळीत तिरुवादिरै नक्षत्राच्या दिवशी शिवाच्या उपासनेसाठी ‘कळि’ नावाचा पदार्थ करतात. तांदूळ खमंग भाजून त्याचा रवा काढतात आणि तो मूगडाळ व गूळ यांच्याबरोबर शिजवतात. तांदूळ कमी भाजला तर कळि चिकट होते, जास्त भाजला तर कडवट होते. सोबत अनेक भाज्यांची एकत्र आमटी असते. महाराष्ट्रात भोगीला वांगी, गाजर, हरभरा, घेवडा अशा हंगामातल्या भाज्या एकत्र करतात, तिची येथे आठवण होते.

‘अदिरसम’ हा तमिळ पदार्थ मराठी वाचकाला आणखी जवळचा वाटेल. भिजवलेल्या तांदळाचे ओलसर पीठ गुळाच्या पाकात कालवून, ते मुरू देऊन, चपट्या वड्या तळल्या की अदिरसम होते. महाराष्ट्रातील अनारसा याच कुळातला आहे. दोन्हीकडे पिठाचा ओलावा आणि गुळाचे प्रमाण नेमके असावे लागते. अदिरसमचा पाक कच्चा राहिला तर वडी तेलात विरघळते आणि पुढे गेला तर ती कडक होते. पाक झाला की नाही, हे पाहण्यासाठी त्याचा थेंब गार पाण्यात टाकतात. त्याची मऊ गोळी वळली तर पाक तयार झाला. उष्णतामापक नसताना तापमान ओळखण्याची ही रीत आहे आणि ती दोन्ही प्रदेशांत सारखीच आहे.

महाराष्ट्रात याच दिवसांत काटेरी हलवा होतो. पसरट भांड्यात तीळ, खसखस किंवा साबुदाणा मंद आचेवर ठेवतात. त्यावर साखरेचा पाक चमचाचमचाने सोडतात आणि बोटांनी दाणे सतत हलवत राहतात. प्रत्येक वेळी पाकाचा पातळ थर दाण्यावर सुकतो आणि हळूहळू साखरेचे काटे उभे राहतात. पाक एकदम ओतला तर दाणे एकमेकांना चिकटतात. आच वाढली तर साखर पिवळी पडते. हे काम काही दिवस चालते. कोरड्या थंड हवेत थर लवकर सुकतो, म्हणून थंडीत काटा चांगला येतो. मग हा हलवा दोऱ्यात ओवून किंवा कागदावर बसवून हार, बांगड्या, बाजूबंद, कंबरपट्टा असे दागिने करतात. नव्या सुनेच्या पहिल्या संक्रांतीला आणि लहान बाळाच्या बोरन्हाणाला ते घालतात. खाण्याचा पदार्थ आणि कलावस्तू यांच्यातील सीमारेषा येथे पुसली जाते.

४. भट्टी नसलेल्या घरातील केक

याच हंगामात नाताळ येतो. कुंभकोणम् हे १८९९ पासून रोमन कॅथलिक धर्मप्रांताचे केंद्र आहे. कावेरीकाठच्या ख्रिस्ती घरांत डिसेंबरमध्ये कागदाचे तारे टांगतात आणि ख्रिस्तजन्माचा देखावा मांडतात. घरी केलेले मुरुक्कू व गोड पदार्थ शेजाऱ्यांना वाटतात. ‘अच्चु मुरुक्कू’ हा त्यांतील एक सुरेख पदार्थ. ‘अच्चु’ म्हणजे साचा. फुलाच्या आकाराचा लोखंडी साचा आधी तेलात तापवतात, मग तांदळाच्या पिठाच्या घोळात काठापर्यंत बुडवतात आणि पुन्हा तेलात धरतात. साचा तापलेला नसेल तर घोळ त्याला धरत नाही. साचा पूर्ण बुडाला तर फूल सुटत नाही. गोव्यात आणि वसईत याच सुमारास कुलकुल होतात. कणकेची लहान गोळी कंगव्यावर किंवा काट्याच्या चमच्यावर दाबून गुंडाळली की तिच्यावर शिंपल्यासारख्या रेषा उमटतात.

केक भाजण्यासाठी भट्टी लागते. आपल्याकडील बहुतेक घरांत पूर्वी भट्टी नव्हती. ‘पाव’ हा शब्दही आपल्याकडे पोर्तुगीज भाषेतून आला. चुलीची उष्णता फक्त खालून मिळते, भट्टीची मात्र सर्व बाजूंनी. ही अडचण घराघरांत युक्तीने सोडवली गेली. कोकणात काकडीचे धोंडस करताना भांड्याखाली मंद विस्तव आणि झाकणावर निखारे ठेवीत. गोव्याचा बेबिंका हा थरांचा पदार्थ. त्याचा प्रत्येक थर वरून निखाऱ्यांची आच देऊन भाजल्यावरच पुढचा थर ओतत. पारंपरिक रीतीने असे सात थर होतात. पुढे घराघरांत प्रेशर कुकर आले. तळाला वाळू किंवा जाड मीठ पसरून, शिट्टी व रबर काढून, पाणी न घालता कुकर तापवायचा आणि त्यात केकचे भांडे ठेवायचे, ही रीत अनेक गृहिणींनी आपलीशी केली. वाळू हळूहळू तापते आणि उष्णता सर्वत्र सारखी पसरवते. त्यामुळे केक तळाशी करपत नाही. बंद भांड्यातील कोरडी उष्ण हवा हे भट्टीचे तत्त्व येथे पुरेपूर वापरलेले आहे.

पाठगत प्रश्न २

(अ) पाक तयार झाला हे उष्णतामापकाशिवाय कसे ओळखतात?
(आ) हलव्यावर काटा येण्यास थंड व कोरडी हवा का उपयोगी पडते?
(इ) चूल आणि भट्टी यांच्यातील मुख्य फरक कोणता? तो कोणत्या युक्त्यांनी दूर केला गेला?

५. मडके उतू जाते तेव्हा

मार्गळीचा शेवटचा दिवस म्हणजे भोगी. जुन्या, मोडक्या वस्तू काढून टाकून घर स्वच्छ करण्याचा हा दिवस. अनेक तमिळ घरांत या दिवशी पुरणाची ‘पोळि’ करतात. हे नाव ऐकून मराठी माणसाला घरच्या सणाची आठवण होणे साहजिक आहे.

दुसऱ्या दिवशी ‘तै’ महिना लागतो आणि पोंगलचा सण येतो. अंगणात मोठे कोलम काढतात, तेथेच चूल मांडतात आणि सूर्याकडे तोंड करून मडके ठेवतात. मडक्याच्या गळ्याभोवती पानांसह हळदीचे ताजे रोप बांधतात, शेजारी ऊस उभा करतात. दूध उकळून मडक्याच्या काठावरून उतू गेले की घरातील सर्वजण ‘पोंगलो पोंगल’ असा घोष करतात. ‘पोंगु’ म्हणजे उतू जाणे. त्यावरून सणाचे आणि पदार्थाचेही नाव पडले. त्यानंतर नवा तांदूळ आणि मूगडाळ मडक्यात पडते आणि शेवटी गूळ व तूप. एरवी दूध उतू जाणे म्हणजे नुकसान. या दिवशी मात्र ते समृद्धीचे चिन्ह ठरते.

महाराष्ट्रातही रथसप्तमीला अंगणात गोवऱ्या पेटवून, सूर्यासमोर दूध उतू घालण्याची प्रथा आहे. एका ठिकाणी संक्रमणाच्या दिवशी, तर दुसऱ्या ठिकाणी माघ शुद्ध सप्तमीला, परंतु सूर्याला साक्षी ठेवून दूध उतू घालण्याची कल्पना एकच आहे.

पोंगलच्या दुसऱ्या दिवशी गाईबैलांची पूजा होते. याच सुमारास बहिणी हळदीच्या पानावर रंगीत भाताचे लहान घास मांडून भावांच्या कल्याणासाठी प्रार्थना करतात. भाऊबीजेची भावना येथे वेगळ्या रूपात भेटते.

६. नोंद नसलेले ज्ञान

तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात असंख्य हस्तलिखिते आहेत. सरफोजी राजे दुसरे (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांनी या ग्रंथालयाची मोठी भरभराट केली. त्यांच्या काळातील ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ हा पाककृतींचा मराठी ग्रंथ तेथे जपला गेला आहे. राजाच्या मुदपाकखान्यात काय शिजत होते, हे आज सांगता येते, कारण कोणीतरी ते लिहून ठेवले.

सामान्य घरातील स्वयंपाकाची अशी नोंद क्वचितच झाली. ‘अंदाजाने घाल’ हेच तेथील प्रमाण. हा अंदाज अनेक वर्षांच्या सरावातून येतो. परंतु तो सांगितला नाही, लिहिला नाही, तर त्या व्यक्तीबरोबर नाहीसा होतो. शहरांतील सदनिकांत अंगण उरलेले नाही; उंबऱ्यापुढे कोलमची छापील चित्रे चिकटवलेली दिसतात. हलव्याचे दागिने बाजारात तयार मिळतात. त्यात वाईट काही नाही. वेळ वाचतो आणि करणाऱ्यांना रोजगारही मिळतो. मात्र वस्तू विकत आणता आली, तरी ती करण्याची समज विकत मिळत नाही.

आणखी एक बाब विचारात घेण्यासारखी आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशभर वेळेच्या वापराचे सर्वेक्षण केले. घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे बिनमोबदला घरकामात घालवतात आणि घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटे, असे त्यात आढळले. सणाच्या दिवसांत हे काम वाढते, हे सांगायला सर्वेक्षणाची गरज नाही. सणाचे कौतुक करताना या श्रमांचा विसर पडता कामा नये. हलवा हलवणारे, मडके मांडणारे, पीठ मळणारे हात घरातील सर्वांचे असले, तर कौशल्यही सर्वांकडे जाते आणि ओझेही वाटले जाते.

शिक्षण अर्धवट सुटलेल्या कित्येक व्यक्ती ‘मला काहीच येत नाही’ असे सहज म्हणून जातात. अशाच एखादीला अनारशाचे पीठ किती मुरवायचे हे विचारावे, एखाद्याला आकाशकंदिलाच्या काड्या कशा बांधायच्या हे विचारावे. उत्तर क्षणात मिळते आणि त्यात प्रमाण, क्रम व कारण ही तिन्ही असतात. ज्ञान त्यांच्याकडे आहे. ते अक्षरांत मांडणे तेवढे बाकी आहे.

भाषाभ्यास : कृतिलेखन

एखादी वस्तू किंवा पदार्थ कसा करावा, हे क्रमाने लिहिणे म्हणजे कृतिलेखन. त्यासाठी पुढील गोष्टी आवश्यक असतात.

(१) साहित्य आणि प्रमाण : ‘थोडा गूळ’ असे न लिहिता ‘दीड वाटी गूळ’ असे लिहावे.
(२) क्रम : ‘प्रथम’, ‘त्यानंतर’, ‘तोपर्यंत’, ‘शेवटी’ असे क्रमदर्शक शब्द वापरावेत.
(३) खूण : टप्पा पूर्ण झाला हे कसे ओळखावे, ते सांगावे.
(४) कारण : जेथे चूक होण्याचा संभव असतो, तेथे कारण द्यावे.

कृतिलेखनात क्रियापदाचे एकच रूप शेवटपर्यंत ठेवावे. खालील रूपे पाहा.

आज्ञार्थ : गूळ चिरा. पाक गाळा.
विध्यर्थ : गूळ चिरावा. पाक गाळावा.
कर्मणी रचना : गूळ चिरला जातो. पाक गाळला जातो.

समोरच्या व्यक्तीला सांगताना आज्ञार्थ, पुस्तकात लिहिताना विध्यर्थ आणि माहिती देताना कर्मणी रचना अधिक शोभते.

नमुना : सक्करै पोंगल

साहित्य : तांदूळ १ वाटी, मूगडाळ पाव वाटी, चिरलेला गूळ दीड वाटी, दूध १ वाटी, पाणी ४ वाट्या, तूप अर्धी वाटी, काजू व मनुका प्रत्येकी १ मोठा चमचा, वेलदोड्याची पूड पाव चमचा.

कृती : प्रथम मूगडाळ मंद आचेवर खमंग वास येईपर्यंत भाजावी. तांदूळ व डाळ एकत्र धुऊन घ्यावी. जाड बुडाच्या भांड्यात दूध व पाणी उकळावे. त्यात तांदूळ व डाळ घालून, अधूनमधून ढवळत, मऊ शिजवावे. भाताचे शीत बोटांनी सहज चेपले गेले की ते शिजले असे समजावे. गूळ घातल्यावर तांदूळ लवकर शिजत नाही, म्हणून ही खात्री आधीच करून घ्यावी. तोपर्यंत दुसऱ्या भांड्यात गूळ अर्धी वाटी पाण्यात विरघळवावा आणि खडे-कचरा निघून जाण्यासाठी गाळून घ्यावा. त्यानंतर हा गूळ भातात घालून मंद आचेवर दाट होईपर्यंत ढवळावे. शेवटी तुपात काजू व मनुका परतून तुपासह भातात मिसळाव्यात आणि वेलदोड्याची पूड घालावी.

शब्दार्थ

आच – विस्तवाची उष्णता, धग
तर्जनी – अंगठ्याजवळचे बोट
जोखणे – अंदाज घेणे, पारखणे
मुरणे – काही काळ ठेवल्याने नीट मिसळून एकजीव होणे
मुदपाकखाना – राजवाड्यातील स्वयंपाकघर
बोरन्हाण – संक्रांतीच्या सुमारास लहान मुलांवर बोरे, चुरमुरे, हलवा इत्यादी ओतण्याचा कौतुकसोहळा
बिनमोबदला – ज्यासाठी पैसे मिळत नाहीत असे

सारांश

तिरुनागेश्वरम् परिसरात मार्गळी महिन्यात पहाटे कोलम काढतात आणि महिना संपताच पोंगल साजरा करतात. कोलममध्ये गणिती नियम असतात. १९७४ मध्ये संशोधकांनी त्यांना व्याकरणाच्या रूपात मांडले. कळि, अदिरसम, हलवा, अच्चु मुरुक्कू आणि कुकरमधील केक यांमध्ये प्रमाण, क्रम व आच यांचे ज्ञान असते. तमिळ आणि मराठी चालीरीतींत पुष्कळ साम्य आढळते. हे ज्ञान टिकवायचे असेल, तर ते लिहायला हवे आणि त्यामागचे श्रम सर्वांनी वाटून घ्यायला हवेत.

स्वाध्याय

१. ‘दूध उतू जाणे’ या घटनेचे एरवीचे आणि पोंगलच्या दिवशीचे अर्थ स्पष्ट करा.
२. तमिळनाडू आणि महाराष्ट्र यांतील पुढील गोष्टींत कोणते साम्य आहे ते प्रत्येकी दोन वाक्यांत लिहा : (अ) कोलम व ठिपक्यांची रांगोळी (आ) अदिरसम व अनारसा (इ) पोंगल व रथसप्तमी.
३. ‘वस्तू विकत आणता आली, तरी ती करण्याची समज विकत मिळत नाही.’ या विधानाविषयी तुमचे मत सात-आठ वाक्यांत लिहा. तुम्हांला ते पटत नसल्यास कारणे द्या.
४. नमुन्यातील ‘सक्करै पोंगल’ची कृती आज्ञार्थात लिहून काढा.
५. तुमच्या घरातील किंवा शेजारच्या एखाद्या ज्येष्ठ व्यक्तीला येत असलेली, परंतु कोठेही लिहिलेली नसलेली एक कृती विचारून घ्या. पदार्थ, आकाशकंदील, गोधडी, टोपली असे काहीही चालेल. जेथे ती व्यक्ती ‘अंदाजाने’ असे म्हणेल, तेथे वाटी, वीत किंवा घड्याळ वापरून मोजून घ्या. मग कृतिलेखनाच्या चारही मुद्द्यांनुसार ती लिहा, त्या व्यक्तीला वाचून दाखवा आणि तिने सुचवलेल्या दुरुस्त्या करा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (अ) रेषा जेथून निघाली तेथे परत यावी आणि एकही ठिपका मोकळा राहू नये. (आ) ९ + २ × (८ + ७ + ६ + ५) = ६१. (इ) रेषा ठळक उमटते. मुंग्या-पाखरांचे अन्न हरवते.
२. (अ) पाकाचा थेंब गार पाण्यात टाकतात. त्याची मऊ गोळी वळली तर पाक तयार झाला असे समजतात. (आ) पाकाचा प्रत्येक पातळ थर लवकर सुकतो. (इ) चुलीची उष्णता खालून मिळते, भट्टीची सर्व बाजूंनी मिळते. झाकणावर निखारे ठेवणे आणि कुकरमध्ये वाळू किंवा मीठ पसरून तो पाण्याशिवाय तापवणे या युक्त्या वापरल्या गेल्या.